त्या बावन्न सेकंदांचं काय करू?

एका वृत्तवाहिनीच्या डेस्कवर रात्रपाळी करणाऱ्या २६ वर्षांच्या मुलीचं हे पत्र. बरंच लांब आहे, त्यातला मुख्य भाग असा :

"ताई, पहाटे दोनच्या सुमाराला चॅनेलच्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर अकरा मिनिटांचा व्हिडिओ आला. पाठवणाऱ्याने तासाभरापूर्वी तीन माणसं मारली होती. लग्नाला नाही म्हणालेली मुलगी, तिचे वडील आणि मधे पडलेला शेजारी. व्हिडिओ त्याने निघण्याआधी करून ठेवला होता. कॅमेऱ्याकडे बघून तो शांतपणे बोलतो, आपण हे का करणार ते सांगतो. मी इन्चार्जना फोन केला. ते म्हणाले, 'फक्त आपल्याकडे आहे, लगेच काप आणि लाव.' मी बावन्न सेकंदं काढली. शिव्यांवर बीप टाकला, हत्यार ब्लर केलं. सकाळी सहाच्या बुलेटिनपासून दिवसभर तेच चाललं. मग सगळ्यांनी ते आमच्यावरून उचललं. तिसऱ्या दिवशी डेस्कवरचा फोन मी घेतला. त्या मुलीची आई होती. म्हणाली, 'माझ्या पोरीबद्दल तो जे बोलतोय, ते अजून किती वेळा ऐकवणार आहात?' मला एक शब्द सुचला नाही. त्यांनीच फोन ठेवला.

तेव्हापासून नीट झोप नाही. त्याचा आवाज कानात आहे. इन्चार्ज म्हणतात, 'आपण नसतं दाखवलं तर दुसऱ्याने दाखवलं असतं, आणि लोकांना कळायला हवंच ना.' माझं चुकलं का? पुढच्या वेळी काय करू? त्या आईंना फोन करून माफी मागू का? की ही नोकरीच सोडू?"

अगं,

तू मला ताई म्हटलंस, म्हणून एकेरीवर येते.

हो, चुकलं. तुझ्या एकटीचं नाही, सगळ्यात जास्त तुझंही नाही, पण चुकलं. 'वरून आदेश होता, तू काय करणार' असं लिहून मला हे पत्र दोन ओळींत संपवता आलं असतं. तेवढ्याने तुझं समाधान होणार असतं तर तू लिहिलंच नसतंस.

माझ्याही हातून हे झालंय. मी बातम्यांच्या धंद्यात आले तेव्हा टेपचा जमाना होता. एकदा टपालाने एक ऑडिओ कॅसेट आली. खून करून फरार झालेल्या माणसाने स्वतःच्या आवाजात भरलेली. प्रोमो लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी ती कॅसेट पुढेमागे करत राहिले आणि त्यातलं सगळ्यात अंगावर काटा आणणारं वाक्य निवडलं. सहा शब्दांचं होतं. ते मला चांगलं वाटलं होतं, हे आज लिहिताना हात अडखळतो. दोन दिवस ते वाक्य दर अर्ध्या तासाला वाजलं. तिसऱ्या दिवशी जिन्यातून उतरताना खालून दोन शाळकरी मुलं वर येत होती. एक दुसऱ्याच्या मानेवर पट्टी टेकवून तेच वाक्य म्हणत होता. त्याच आवाजात, त्याच जागी थांबून. आणि दोघं हसत होती.

त्या मुलांनी ती कॅसेट ऐकलेली नव्हती. त्यांनी माझा प्रोमो ऐकला होता.

आता तुझ्या इन्चार्जचं वाक्य घेऊ : 'लोकांना कळायला हवं.' हे वाक्य खोटं नाही. बातमीचा सगळा व्यवसाय त्याच्यावर उभा आहे. प्रश्न एवढाच की त्या बावन्न सेकंदांत लोकांना कळलं काय?

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १६ एप्रिल २००७ रोजी एका विद्यार्थ्याने ३२ जणांना मारलं. सकाळी सव्वासातच्या सुमाराला वसतिगृहात दोघांना, आणि दोन-अडीच तासांनी वर्गांमध्ये बाकीच्यांना. मधल्या वेळात तो काय करत होता? तो टपाल कार्यालयात गेला आणि न्यूयॉर्कला एनबीसी या वाहिनीच्या पत्त्यावर एक पाकीट धाडलं. त्यात व्हिडिओच्या क्लिप होत्या, बंदुका रोखून काढलेले स्वतःचे फोटो होते, लांबलचक मजकूर होता. दोघांचा जीव घेऊन झालाय, तीस जणांचा घ्यायचाय, आणि हा माणूस मधे थांबून पाकीट पाठवतोय. त्या पाकिटावाचून त्याचं काम पुरं होत नव्हतं. बंदुकीचा भाग त्याने स्वतः उरकला. राहिलेला भाग दुसऱ्याने करायचा होता, आणि तो दुसरा करेल याची त्याला खात्री होती.

पत्ता चुकीचा घातल्यामुळे पाकीट दोन दिवसांनी पोचलं. वाहिनीने मूळ सामान तपास यंत्रणेला दिलं, प्रती ठेवून घेतल्या आणि त्याच संध्याकाळच्या बातम्यांत त्यातला काही भाग दाखवला. प्रत्येक चित्रावर वाहिनीचं बोधचिन्ह होतं. तूही तुझ्या क्लिपवर लोगो लावलाच असशील. डेस्कवर तो आपोआपच लागतो, हात थांबतसुद्धा नाही. पण एकदा ती क्लिप आवाज बंद करून बघ. वर कोपऱ्यात आपला लोगो, खाली आपली पट्टी, मधे तो. बघणाऱ्याला ती आपली निर्मितीच दिसते.

दुसऱ्या दिवशी मृतांच्या काही नातेवाइकांनी त्याच वाहिनीच्या सकाळच्या कार्यक्रमात ठरलेल्या मुलाखती रद्द केल्या. वाहिनीने मग आपण हे फुटेज मर्यादित ठेवू असं जाहीर केलं. कॅनडाच्या सीबीसी या वाहिनीने मात्र त्यातलं काहीही न दाखवण्याचा निर्णय पहिल्याच दिवशी घेतला होता. कॅनडातल्या लोकांना बातमी कळली नाही असं काही झालं नाही.

आणि 'त्याने हे का केलं' याचं उत्तर? ते त्या क्लिपमध्ये नव्हतंच. होता तो सगळ्या जगावरचा राग, आणि १९९९ मध्ये कोलंबाइन शाळेत मुलं मारणाऱ्या दोघांचा 'हुतात्मे' म्हणून गौरव. म्हणजे त्यालाही हा वेष, ही पोझ आधीच्या कुणाच्या तरी प्रसिद्धीतून मिळाली होती. लोकांना खरोखर कळायला हवं होतं ते चार महिन्यांनी बाहेर आलं, राज्याने नेमलेल्या चौकशी मंडळाच्या अहवालात. २००५ च्या डिसेंबरमध्येच एका न्यायाधिकाऱ्याने हा मुलगा स्वतःच्या जिवाला धोकादायक ठरवून त्याला उपचार घ्यायला सांगितलं होतं. त्या उपचारांचा पाठपुरावा कुणी केला नाही. अशा माणसाला संघीय कायद्याप्रमाणे बंदूक विकताच येत नव्हती, तरी राज्याच्या नोंदींतल्या फटीमुळे ती विकली गेली. यातून पुढे कायदा सुधारला, २००८ च्या जानेवारीत त्यावर सही झाली. हे सगळं कागदांत होतं, फायलींत होतं, शिक्षकांच्या तक्रारींत होतं. टीव्हीवर दाखवायला अतिशय कंटाळवाणं. पण 'का' म्हणतात ते हेच.

तुझ्या अकरा मिनिटांतही तसंच असणार. तो म्हणतो, तिने मला फसवलं. हे त्याचं म्हणणं आहे आणि ते खोडून काढू शकणारी एकमेव व्यक्ती त्याने मारून टाकली आहे. कोर्टात साक्षीदाराची उलटतपासणी होते. तुझ्या बुलेटिनमध्ये त्याची झाली नाही. एकतर्फी आरोप एरवी तू लावतेस का? साध्या नगरसेवकावर कुणी काही बोललं तरी 'त्यांची बाजू घ्या' म्हणून डेस्क मागे लागतं. मेलेल्या मुलीची बाजू कुणी घेतली? पोलिसांकडे तिने आधी तक्रार केली होती का, केली असेल तर त्या तक्रारीचं काय झालं, हे कुणी शोधलं? तुझ्या पत्रात याबद्दल एक अक्षर नाही.

आणखी एक सांगते, रागावू नकोस. तुझ्या मूळ पत्रात त्या माणसाचं नाव नऊ वेळा आलंय. मी मोजलं. त्या मुलीचं एकदाही नाही. शेजारी तर फक्त 'शेजारी' आहे. तू दुष्ट नाहीस गं. त्याचा आवाज तू तासभर ऐकलास, त्यांचा कुणाचाच ऐकला नाहीस. प्रेक्षकांचंही नेमकं तेच झालं.

इन्चार्जचा दुसरा मुद्दा : 'आपण नाही तर दुसरा.' २०१२ च्या मार्चमध्ये फ्रान्समध्ये तुलूज आणि मोंतोबां इथे एकाने सात जण मारले. त्यांत एका ज्यू शाळेतली तीन लहान मुलं होती. अंगावर कॅमेरा बांधून त्याने प्रत्येक हत्या चित्रित केली, मग नीट जोडून, मागे संगीत आणि पठण घालून ती एका मेमरी स्टिकवर भरली. ती अल जझीराच्या पॅरिसमधल्या कार्यालयात पोचली. जगात दुसऱ्या कुणाकडे नसलेलं फुटेज! वाहिनीने ते बघितलं आणि न दाखवायचं ठरवलं. लोकांना आधीच ठाऊक नसलेली कुठलीही माहिती त्यात नाही, असं कारण दिलं. आकाश कोसळलं नाही. उलट त्याच प्रकरणात काही महिन्यांनी टीएफ-वन या वाहिनीने, पोलिसांनी घर वेढलेलं असताना त्या माणसाचं त्यांच्याशी झालेलं बोलणं ऐकवलं, तेव्हा मृतांच्या घरच्यांच्या संतापाला पारावार राहिला नाही. मेलेल्या मुलांच्या घरच्यांनी जुलैतल्या एका रविवारी टीव्ही लावला आणि तो माणूस घरात बोलायला लागला.

तुझ्या बाबतीत तर 'दुसरा' नव्हताच. व्हिडिओ फक्त तुमच्याकडे आला होता, बाकीच्यांनी तुमच्यावरून उचलला, असं तूच लिहिलंयस. म्हणजे दुसऱ्यांना तो तुम्ही दिलात. पहिला दगड कुणाचा, हे या प्रकरणात स्पष्ट आहे.

हां, आजकाल मारेकऱ्याला वाहिनीची गरजच उरली नाही, हे खरं. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत १५ मार्च २०१९ रोजी ५१ माणसं मारणाऱ्याने डोक्याला कॅमेरा लावून फेसबुकवर थेट प्रक्षेपण केलं. फेसबुकच्याच म्हणण्याप्रमाणे ते थेट बघणारे दोनशेसुद्धा नव्हते. पण पुढच्या २४ तासांत त्या व्हिडिओच्या १५ लाख प्रती काढून टाकाव्या लागल्या, त्यातल्या १२ लाख चढतानाच अडवल्या. दोनशेचे लाखो होतात ते मधल्या हातांमुळे, आणि त्या हातांत काही वृत्तसंस्थांचे हातही होते. ज्याला तसलं काही शोधून बघायचंय तो बघेल, त्याला तू अडवू शकत नाहीस. पण कुणाच्या तरी घरात टीव्ही नुसता चालू असतो, खोलीत मूल खेळत असतं, म्हातारी पडलेली असते. त्यांनी काही शोधलेलं नसतं. तिथे तो माणूस तुझ्या हातून पोचतो.

ब्लर आणि बीपबद्दल थोडक्यात. हत्यार झाकलंस, शिवी झाकलीस. पण त्या आईला शिवीचा त्रास झालेला नाही. 'तो जे बोलतोय' असं ती म्हणाली. आरोप, मालकीची भाषा, तो शांतपणा, हे सगळं बीपच्या अलीकडे-पलीकडे शाबूत होतं. आपल्याकडे ब्लर म्हणजे पाप धुतलं अशी एक समजूत झाली आहे, आणि ती तुझ्या डोक्यातून आधी काढ.

मग कधीच काही दाखवायचं नाही का? तसं मी म्हणणार नाही, कारण एक प्रसंग माझ्या मताच्या आड येतो आणि तो लपवणं बरं नाही. अमेरिकेत १९७८ पासून सतरा वर्षं एक माणूस टपालाने बॉम्ब पाठवत होता. तीन माणसं मेली, २३ जखमी झाली, पोलिसांना माग लागेना. १९९५ मध्ये त्याने ३५ हजार शब्दांचं निवेदन पाठवलं आणि छापलंत तर मारणं थांबवतो म्हणाला. वॉशिंग्टन पोस्ट आणि न्यूयॉर्क टाइम्स यांनी जवळपास तीन महिने विचार केला, तपास यंत्रणांशी बोलले, आणि मग १९ सप्टेंबरला पोस्टने ते छापलं. धमकीपुढे मान तुकवली म्हणून त्यांच्यावर टीका झाली, ती मला आजही रास्त वाटते. पण ते वाचून सख्ख्या भावाने लिहिण्याची ढब ओळखली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये तो माणूस सापडला.

यातून मी माझ्यापुरतं एक ठरवलंय. माणूस मोकळा आहे, अजून कुणाचा जीव जाऊ शकतो, आणि आवाज किंवा चेहरा दाखवल्याने तो सापडू शकतो, असं तपास करणारे सांगत असतील तर लागेल तेवढंच दाखवावं, एकदा. किंवा पोलीस म्हणतात 'त्याने काहीच इशारा दिला नव्हता' आणि रेकॉर्डिंगमध्ये उलट दिसतंय, तर ते लोकांपुढे आलंच पाहिजे. पण तिथेही आपल्या शब्दांत सांगता येतं : 'त्याने तीन आठवडे आधी पोलीस ठाण्यात जाऊन धमकी दिल्याचं तो स्वतः या व्हिडिओत म्हणतो.' यात माहिती पूर्ण आली. त्याचा चेहरा, त्याचा सूर, त्याने निवडलेला शर्ट, काही लागलं नाही.

नॉर्वेत २०११ च्या जुलैमध्ये ७७ जणांना मारणाऱ्याचा खटला पुढच्या वर्षी चालला. पत्रकार कोर्टात बसून होते, त्याने काय सांगितलं ते त्यांनी लिहिलंही. त्याच्या साक्षीचं प्रक्षेपण करायला मात्र न्यायालयाने परवानगी दिली नाही. लोकांना कळलं सगळं, त्याला रंगमंच मिळाला नाही. मला हा रस्ता पटतो.

काही जण म्हणतील, मग बंदीच घाला, कायदा करा. मला ते नको. कुठलं रेकॉर्डिंग दाखवायचं हे सरकार ठरवायला लागलं की उद्या कोठडीतल्या मारहाणीचंही रेकॉर्डिंग 'समाजहितासाठी' दडपलं जाईल. पण आपण ताळ्यावर राहिलो नाही तर ते येणारच आहे. मुंबईवर २००८ च्या नोव्हेंबरमध्ये हल्ला चालू असताना आत शिरलेल्या हल्लेखोराचा फोन एका वाहिनीवर थेट ऐकवला गेला होता. त्या दिवसांतल्या एकूण थेट प्रक्षेपणावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात कडक ताशेरे ओढले. माध्यमांचं नियंत्रण माध्यमांनीच करावं या युक्तिवादाला तुम्हीच मोठी हानी पोचवलीत, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. मला ते वाचून वाईट वाटलं, आणि प्रतिवाद सुचला नाही.

आता पुढच्या वेळचं. असं पाकीट पुन्हा येईल, कारण एकदा दाखवलं की तुमचा नंबर 'दाखवणाऱ्यांचा' म्हणून ठरतो. रात्री दोन वाजता तत्त्वचर्चा होत नसते, म्हणून ती दिवसा करून ठेव. इन्चार्जना आणि संपादकांना एक पानभर लिहून दे. आरोपीने स्वतः केलेलं रेकॉर्डिंग आलं तर ते संपादकाने स्वतः बघितल्याशिवाय ऑनएअर जाणार नाही, शिफ्टवरच्या माणसाने एकट्याने निर्णय घ्यायचा नाही, एवढं जरी मान्य झालं तरी पुष्कळ. फाइल आली की ज्या फोनवर आली तो तसाच ठेव, वेळ टिपून ठेव, कुणाला फॉरवर्ड करू नकोस, आणि पोलिसांना कळव. तो पुरावा आहे. तो माणूस जिवंत आहे, खटला उभा राहणार आहे, शेजाऱ्याच्या घरचे साक्षीला उभे राहतील. त्यांनी प्रत्यक्ष काय पाहिलं आणि तुमच्या चॅनेलवर शंभर वेळा काय पाहिलं, यांची सरमिसळ झाली तर बचावाचा वकील त्याचाच फायदा घेईल.

मग बातमी कर. व्हिडिओ आलाय हे सांग, त्यात हल्ल्याची आधीच तयारी केल्याचं दिसतं हे सांग, तो आम्ही पोलिसांकडे दिला आणि दाखवत नाही हेही अँकरच्या तोंडून सांग. इन्चार्ज 'व्हिज्युअल काय लावू' म्हणून ओरडतील. अँकर लाव. नुसता अँकर तीस सेकंद बोलला तर प्रेक्षक मरत नाहीत.

नावाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. क्राइस्टचर्चनंतर पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी त्या माणसाचं नाव आपण कधीच उच्चारणार नाही असं संसदेत सांगितलं, आणि मेलेल्यांची नावं घ्या असं आवाहन केलं. पंतप्रधानांना ते शोभतं. पत्रकाराला नाव एकदा द्यावं लागतं, नाहीतर त्याच नावगावच्या भलत्याच माणसाच्या दारात जमाव उभा राहतो. एकदा द्यायचं, पुढे 'आरोपी' म्हणायचं. शीर्षकात, थंबनेलवर, पट्टीत नाही. त्याच देशातल्या पाच मोठ्या वृत्तसंस्थांनी खटल्याआधी एकत्र बसून, त्याच्या विचारांना आणि खुणांना जागा द्यायची नाही असं लेखी ठरवलं होतं. स्पर्धक होते, तरी बसले. आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये शिक्षेच्या चार दिवसांच्या सुनावणीत हल्ल्यातून वाचलेली माणसं आणि मेलेल्यांचे नातेवाईक बोलले, सुमारे नव्वद जण. तो गप्प बसून होता. बातम्या त्या नव्वदांच्या झाल्या.

तुझ्या झोपेचं बोलू. कापाकापी करताना तू तेच वाक्य किती वेळा ऐकलंस? वीस? चाळीस? फ्रेम जुळेपर्यंत पुन्हा पुन्हा, हेडफोन घालून, म्हणजे अगदी कानाच्या पडद्याला लावून. बघितलेल्यापेक्षा ऐकलेलं जास्त रुतून बसतं, हे अशी फुटेज रोज तपासणारे लोक सांगतात. पुढे असं काही तपासावं लागलं तर आधी आवाज पूर्ण बंद करून, खिडकी लहान करून बघ. बोलणं हवंच असेल तर एकाने एकदाच ऐकून लिहून काढावं, बाकीच्यांनी कागद वाचावा. एकटीने रात्री करू नकोस. बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये २०१३ ला स्फोट झाले, त्यानंतरच्या एका अभ्यासात दिसलं की रोज सहा तास आणि त्याहून जास्त वेळ त्याच्या बातम्या बघत बसलेल्यांना झालेला ताण प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही जास्त होता. तुमचं तर कामच ते बघत बसण्याचं. महिनाभरात झोप रुळावर आली नाही तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, आणि सर्दीला डॉक्टरकडे जातो तशी जा, कुणाला स्पष्टीकरण देत बसू नकोस.

त्या आईला फोन करू नकोस. हे लिहायला मला जड जातंय, कारण तुझी तळमळ कळते. पण तू फोन केलास की तुला माफ करण्याचं, तुझं रडणं ऐकण्याचं काम तिच्या अंगावर पडेल. तिच्याकडे सध्या तेवढं त्राण नाही. तिने तुला प्रश्न विचारलाय, 'अजून किती वेळा?' त्या प्रश्नाला फोन हे उत्तर नाही, 'आता एकदाही नाही' हे उत्तर आहे, आणि ते मिळवण्यासाठी तुला इन्चार्जच्या टेबलापाशी उभं राहावं लागेल. ती क्लिप तुमच्या वेबसाइटवर आणि यूट्यूबवर अजून असेल, ती काढायला सांग. ती निघाली, संपादकांनी चूक मान्य केली, की चॅनेलच्या वतीने त्यांच्या सहीचं दोन ओळींचं पत्र त्या घरी जाऊ दे. काय काढलं आणि कधी काढलं, इतकंच त्यात असू दे. पत्र वाचायचं की फाडायचं ते तिचं ती ठरवेल. आणि तिचा पुन्हा फोन आला तर गप्प राहू नकोस. "तो व्हिडिओ मीच कापला होता. माझी चूक झाली. आता तो काढलाय," एवढं बोल आणि ती जे बोलेल ते ऐकून घे.

नोकरी सोडायचं आज ठरवू नकोस. झोप न झालेल्या माणसाने राजीनामा लिहू नये. माझा स्वार्थ सांगते : त्या आईचा फोन उचलून जिला बोलता आलं नाही, अशी मुलगी मला रात्री दोन वाजता त्या खुर्चीवर हवी आहे. जिला पटकन उत्तर सुचलं असतं तिची मला भीती वाटते. पण तू दिलेलं पान त्यांनी केराच्या टोपलीत टाकलं आणि पुढचं पाकीटही तसंच लावायला सांगितलं, तर मात्र ऊठ. तेव्हा मला विचारायलाही थांबू नकोस.

एक काम आज रात्रीच करता येईल. चॅनेलच्या व्हिडिओ लायब्ररीत जाऊन ती फाइल शोध. नावात त्याचं नाव आणि 'एक्स्क्लुझिव्ह' असणार, आपल्याकडे सगळ्यांचं तसंच असतं. नाव बदल. तारीख आणि 'पुरावा, प्रक्षेपणासाठी नाही, संपादकांना विचारा' असं घाल. कच्ची अकरा मिनिटं आणि कापलेली बावन्न सेकंदं, दोन्हींना. नाहीतर बरोबर एका वर्षाने वर्षपूर्तीचं पॅकेज करायला बसलेला एखादा नवखा मुलगा त्याचं नाव टाइप करेल, तुझी क्लिप आयती त्याच्या हाती लागेल आणि सकाळी सहाच्या बुलेटिनला पुन्हा लागेल. मग त्या वर्षपूर्तीसाठी वेगळी फाइल उघड, आणि तिला त्या मुलीचं नाव दे. ती काय शिकत होती, कुठे काम करत होती, तिने तक्रार दिली होती का, ती कुणी वाचली, शेजारी मधे पडला तो कोण होता. शोधायला तुझ्याकडे वर्ष आहे.

तुझी,
ताई